कौंडण्यपूरचा एक दिवस

वाचकहो, अमरावतीहून कुऱ्ह्यामार्गे आर्वीकडे निघालात, की वर्धा नदी ओलांडण्याआधी कौंडण्यपूर लागते. तिवसा तालुक्यातले हे गाव म्हणजे रुक्मिणीचे माहेर. भीष्मक राजाची कुंडिनपूर राजधानी ती हीच, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. काठावरच्या उंचवट्यावर विठ्ठल-रुक्मिणीचे देऊळ आहे, आणि जिथून कृष्णाने रुक्मिणीला रथात घेतले म्हणतात ते अंबिकेचे देऊळही येथेच आहे. आषाढीला येथून पंढरपूरला पालखी जाते. १९६० नंतरच्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा फार जुन्या वस्तीच्या खुणा मातीखाली सापडल्या.

माझे तिकडे जाणे मात्र देवदर्शनापेक्षा कपाशीपायी अधिक. २०१८ च्या भाद्रपदात असाच एका घरी मुक्काम पडला. घरात टीव्ही होता, पोरांच्या हाती मोबाईल होते. पण घरच्या आबाजींचा दिवस चालायचा तो रेडिओवर. पहाटे खुंटीवरचा रेडिओ लागला, आकाशवाणीची ती ओळखीची धून वाजली आणि मगच गोठ्यात हालचाल सुरू झाली. गाणी लागली की आबाजी आवाज बारीक करीत. बोलणे सुरू झाले की मोठा. मला गंमत वाटली. ते म्हणाले, "गानं कोठीबी आयकू येते जी. बोलनारा मानूस पायजे."

आणि खरेच, दिवसभर माणसे बोलतच होती. सकाळी चिंतन झाले. संस्कृतातल्या बातम्या लागल्या. त्यातले आबाजींना काही कळत नव्हते, तरी ते हात जोडून ऐकत होते. मग मराठी बातम्या आल्या आणि चहा संपेपर्यंत कोणी मध्ये बोलायचे नाही असा दंडक. दुपारी बायकांचा कार्यक्रम लागला तेव्हा रेडिओ स्वयंपाकघरात गेला. सायंकाळी शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम होता. त्यात एक तज्ज्ञ बोंडअळीवर बोलले. भाषण चांगले होते, पण ऐकताना माझी मान खाली गेली. त्याचे कारण सांगतो.

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. कित्येक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यानंतर रेडिओवर बोलायला मलाही बोलावणे आले. मी दहा मिनिटे वाचून दाखवले. "संरक्षक साहित्याचा अवलंब करावा", "प्रतिकूल हवामानात फवारणी टाळावी", अशी वाक्ये. भाषण छान झाले असे मलाच वाटले होते.

आबाजींनी ते ऐकले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "साहेब, तुमचं भाषन आयकलं होतं म्या. पन वारा कोन्या अंगानं पायजे, थे काई तुम्ही सांगतलं नाई."

मी गप्प राहिलो. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. फवारा तोंडावर, छातीवर पडत होता. आणि मी 'प्रतिकूल हवामान' म्हणून मोकळा झालो होतो.

पुढे ते म्हणाले, "रुक्मिनीनं इथून चिठ्ठी धाडली, तिले जबाब आला. आमी रेडिओले काय इचारावं?"

वाचकहो, हा प्रश्न पूर्वी कोणाला सुचला नव्हता असे नाही. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने 'रेडिओ शेतकरी मंडळे' चालवून पाहिली. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली दीडशे गावे, आठवड्यातून दोन याप्रमाणे वीस कार्यक्रम. गावकरी एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करीत आणि न कळलेले केंद्राला लिहून कळवीत. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळत. पुढे ही पद्धत देशभर नेली गेली, पण आमच्या नोकरीच्या काळात असे मंडळ मी एकदाही पाहिले नाही.

रात्री जेवणे झाल्यावर आबाजींनी रेडिओ पुन्हा लावला. आता राष्ट्रीय वाहिनी होती, बुटीबोरीच्या एक हजार किलोवॅटच्या केंद्रावरून चालणारी. हिंदीत कोणी तरी शांतपणे बोलत होते. दिवसा ऊन असताना वरच्या हवेतला एक थर मध्यम लहरी शोषून घेतो, रात्री तो विरतो आणि त्या लहरी आकाशातून परतून फार दूर पोचतात; म्हणून ही वाहिनी रात्रीची. १९८८ साली सुरू झालेली ती वाहिनी आमच्या त्या रात्रीनंतर काही महिन्यांतच बंद झाली. पण त्या वेळी आम्हाला ते ठाऊक नव्हते.

त्या आवाजाखालीच मी माझे भाषण पुन्हा केले, या वेळी आबाजींच्या मुलाला समोर बसवून. वारा पाठीवर घ्यायचा, तोंडावर कधी नाही. सकाळी किंवा सायंकाळी, वारा पडलेला असताना. दोन-तीन औषधे आपल्या मनाने एकत्र करायची नाहीत. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकायचे नाही. डब्यावर लाल त्रिकोण दिसला की ते सर्वांत जहाल विष समजायचे. उपाशीपोटी पंप उचलायचा नाही. घरी आल्यावर साबणाने आंघोळ, कपडे वेगळे धुवायचे. आणि गरगरले, मळमळले तर डबा सोबत घेऊनच दवाखाना गाठायचा, म्हणजे डॉक्टरला विष कळते.

पोरगा मुकाट ऐकत होता. त्याच्या आईने आतून विचारले, "आन् मिशी-दाढीवाल्याले तो मास्क नीट बसते काय जी?" बसत नाही, फट राहते, हे मला तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने सांगावे लागले.

सकाळी निघताना मी बांधावर गेलो. पंप भरायचा बाकी होता. पोराने चिमूटभर कोरडी माती हवेत सोडली, ती कुठे जाते ते पाहिले आणि म्हणाला, "वारा घराकडं जाते, साहेब. आज नाई फवारत."