खारगड

मुलांनो, तुमच्या घरी दिवाळीचा किल्ला कोण करतं? तुम्हीच ना? अगदी नक्की? रात्री तुम्ही झोपल्यावर आई हळूच उठून बुरूज सरळ करून ठेवत नाही ना? असा प्रश्न मी का विचारते आहे ते पुढे कळेलच. माझी जरा फजिती आहे त्यात, पण सांगून टाकते.

आम्ही राहतो अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात. त्याआधी मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. वर्ग तिसरी-चौथी. आता दर रविवारी इथल्या मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकवते. घरात थोरली मुलगी अकरा वर्षांची आणि धाकटा आठ वर्षांचा.

आमच्या फ्रिजवर एक मोठं वेळापत्रक चिकटवलेलं आहे. सोमवारी पोहणं, मंगळवारी व्हायोलिन, बुधवारी गणिताचा क्लास, शुक्रवारी भरतनाट्यम्, शनिवारी दुपारी फुटबॉल, रविवारी मराठी शाळा. गुरुवार मोकळा होता, तिथे बुद्धिबळ आलं. थोरलीचं हिरव्या पेनाने, धाकट्याचं निळ्या. इथे शाळेतून येऊन, दप्तर टाकून चालत मैदानावर जाता येत नाही. सगळं लांब लांब, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी गाडीने सोडायचं आणि आणायचं. आमची मुलं पोळीचा रोल गाडीत खातात, गृहपाठ गाडीत करतात आणि थोरली तर गाडीत वेणीही घालते. मी बाई कसली, ड्रायव्हरच झाले आहे.

तुम्ही म्हणाल, मज्जा आहे! आहेच. उगाच नावं ठेवणार नाही. माझ्या साताऱ्याकडच्या वर्गात एक मुलगी होती. भर पावसाळ्यानंतरच्या कृष्णेत ती माशासारखी पोहायची. पण तिला कुणी शिकवलं नाही, कुठल्या स्पर्धेला नेलं नाही. सुटीच्या दिवशी ती शेळ्यांमागे असायची. माझी मुलं पोहायला शिकताना काठावर बसले की हटकून तिची आठवण येते. म्हणून मी कुठलाच क्लास बंद करायला धजत नाही. संधी आहे तर घ्यावी, असं वाटतं. आई-बाबांनो, तुम्हालाही असंच वाटतं ना?

तर गोष्ट २०२५ च्या दिवाळीची. आमच्याकडे दर शनिवारी सकाळी साडेआठला साताऱ्याहून आजोबांचा फोन येतो. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. पूर्वी दोघं फोनवर झडप घालायची. अलीकडे धाकट्याला हाका मारून आणावं लागायचं. "काय केलंस रे आठवडाभर?" "स्विमिंग." "आणि?" "चेस." "बरं. जेवलास का?" "हो." संपलं! मग तो पळायचा आणि आजोबा थोडा वेळ रिकाम्या सोफ्याकडे बघत बसायचे. भांडण नाही, काही नाही, नुसतं बोलणंच संपत चाललेलं. मला ते बघवत नसे.

त्याच वर्षी ११ जुलैला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आजोबांनी ते वर्तमानपत्रात वाचून आम्हाला बाराही नावं म्हणून दाखवली. त्यात आपल्या साताऱ्याचा प्रतापगड! आजोबा म्हणाले, "यंदा पोरांनी प्रतापगड करायचा."

झालं. माझ्या अंगात शिक्षिका संचारली. मी भगवं पेन आणलं आणि वेळापत्रकात लिहिलं: बुधवार, ६.३० ते ७.१५, किल्ला. त्यातून आमच्या मराठी शाळेत किल्ल्यांचे फोटो दाखवायचे होते. मग काय विचारता! छायाचित्रं छापून आणली. वरचा बालेकिल्ला कुठे, खालचा किल्ला कुठे, भवानीमातेचं मंदिर कुठे, सगळ्यावर खुणा केल्या.

माती मात्र छान मिळाली. आमच्या भागातली माती तांबूस आहे, थेट महाबळेश्वरच्या घाटाची आठवण व्हावी अशी. मागच्या दाराच्या पायऱ्यांशेजारी आम्ही जागा केली. दगड रचले, पोतं टाकलं, चिखल कालवला. इथे ऑक्टोबरात झाडांची पानं लाल-पिवळी होऊन गळतात आणि हात गार पडतात. तरी मुलं रमली. पण सव्वासात झाले की मी "चला, हात धुवा!" म्हणून उठवायची. धाकट्याने एक बुरूज केला होता. तो एका बाजूला इतका कलला होता की, वाऱ्यानेही पडेल असं वाटावं. शिवाय डोंगराच्या पोटात त्याने एक भोक पाडलं होतं. "हे काय?" म्हटलं तर म्हणाला, "सीक्रेट टनेल." प्रतापगडाच्या फोटोत काही टनेल दिसत नव्हतं.

आणि मग ती रात्र. मुलं झोपली. मी बॅटरी घेऊन बाहेर गेले. नुसती बघायलाच गेले होते, खरंच! पण तो बुरूज बघवेना. सरळ केला. भोक बुजवलं. मग तटबंदी नीट केली, पायऱ्या कोरल्या. आत आले तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि बोटं बधिर झाली होती. पण किल्ला असा झाला होता की वा! सकाळी फोटो काढून मोकळी झाले.

धाकट्याने सकाळी किल्ला पाहिला. बोलला काहीच नाही. बूट घातले आणि शाळेच्या बसकडे गेला.

शनिवारी आजोबांना फोनवर किल्ला दाखवला. त्यांनी कौतुकाने विचारलं, "यातला तुझा बुरूज कोणता रे?" धाकटा म्हणाला, "माझी बुरूज नाहीये. हा आईचा किल्ला आहे." आणि आत निघून गेला.

आजोबा गप्प. मीही गप्प. थोरली तेवढी हळूच म्हणाली, "आई, तू रात्री केलंस ना? मला खिडकीतून दिसत होतं."

मुलांनो, मी शाळेत असताना पालकसभेत काय सांगायचे माहीत आहे? "मुलांच्या वहीत तुम्ही चित्रं काढू नका. मला तुमचं अक्षर ओळखू येतं!" एका वडिलांनी मुलाला मातीचा बैल करून दिला होता, तर मी तो परत पाठवला होता. फार सुंदर बैल होता तो. आज त्या वडिलांची माफी मागावीशी वाटते.

त्या दिवशीच्या फुटबॉलला आम्ही दांडी मारली. मी धाकट्याला म्हटलं, "चुकलं माझं. मोड हा किल्ला." त्याला खरं वाटेना. माझ्याकडे बघत बघत त्याने आधी एक दगड ढकलला, मग दुसरा, आणि मग दोघं भावंडं असे काही तुटून पडले की विचारू नका! मी आत जाऊन चकलीची भाजणी भिजवत बसले. बाहेर बघायचं नाही असं ठरवलं होतं. तीनदा पाहिलं.

चार दिवस ते बांधकाम चाललं. बुधवारचं गणित आणि गुरुवारचं बुद्धिबळ बुडालं. लक्ष्मीपूजन मंगळवारी २१ तारखेला होतं, तोपर्यंत किल्ला अर्धाच झाला होता. मावळे साताऱ्यालाच राहिलेले, म्हणून प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांच्या खेळातली माणसं उभी केली आणि थोरलीने त्यांना कागदाचे फेटे बांधले. हिरवळीसाठी मोहरी पेरली, ती रात्रीत कुणीतरी उकरली. पुन्हा पेरली, पुन्हा उकरली. पाळत ठेवली तेव्हा कळलं, खारी! इथल्या खारी आपल्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आणि करड्या असतात. थंडीसाठी त्या जमिनीत दाणे पुरून ठेवतात. आमच्या डोंगरात एकीने चक्क ओकच्या झाडाचं फळ पुरलं होतं.

एवढ्यात शेजारचा मुलगा आला. इथे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो. मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागतात आणि घराबाहेर कोरलेले भोपळे, खोटे सांगाडे मांडतात. त्याला वाटलं, हीसुद्धा हॅलोविनचीच सजावट! धाकट्याने त्याला शिवाजी महाराज, अफझलखान, वाघनखं, सगळी गोष्ट इंग्रजीत हातवारे करून सांगितली. तो घरी गेला आणि वीतभर सांगाडा घेऊन आला. म्हणाला, "हा तुमचा पहारेकरी." मी तोंड उघडणार होते. थोरलीने डोळे वटारले, मग मिटलं.

पुढच्या शनिवारी आजोबांनी विचारलं, "हा प्रतापगड का?"

"नाही आजोबा, ही खारगड."

"खारगड? हा कुठल्या तालुक्यात?"

मग धाकटा जो बोलत सुटला! टनेल कुठून शिरते, कुठे निघते, खारींनी किती वेळा हल्ला केला, सांगाडा रात्री कुणाला भिववतो. 'ही किल्ला', 'तो तोफ', 'माझी बुरूज'... व्याकरणाचं पार खोबरं! मी जीभ चावून बसले होते. आजोबांनी एकही शब्द सुधारला नाही. उलट त्यांच्या लहानपणी शेजारणीच्या कोंबडीने त्यांचा किल्ला कसा उकरला होता, ते सांगितलं. ही गोष्ट मलाही माहीत नव्हती. पाऊण तास झाला होता.

दिवाळी संपली तरी किल्ला काढू दिलेला नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथे घड्याळं एक तास मागे सरकवतात. आजोबांना ते सांगायचं आम्ही विसरलो. त्यामुळे त्यानंतरच्या शनिवारी त्यांचा फोन आला तो सकाळी साडेसातलाच. मी अजून पांघरुणातच होते. फोन घ्यायला उठले, तर धाकट्याने तो आधीच उचललेला. अंगावर रजई, पायात माझ्या चपला, मागचं दार सताड उघडं आणि बाहेरून त्याचा आवाज येत होता, "आजोबा, थांबा, थांबा, आधी दरवाजा दाखवतो. सांगाड्याच्या डोक्यावर बर्फासारखं काहीतरी जमलंय!"