साज चढविण्याची विद्या

संगणकावरील पाने रचण्याची विद्या आम्ही कोणत्याही विद्यालयात शिकलो नाही. देवस्थानच्या सप्ताहाचे पत्रक दूरदेशी असलेल्या कुळाव्यांनाही वाचता यावे, एवढ्याच हेतूने ती आम्हांस हस्तगत करावी लागली. आणि तीत जे काही यश आले, त्याचे बरेचसे श्रेय एका अमेरिकन गृहस्थाच्या छंदाला द्यावे लागते.

या गृहस्थांचे नाव क्रिस कॉयर. ४ जुलै २००७ रोजी त्यांनी 'सीएसएस-ट्रिक्स' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. सीएसएस म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. पानावर मथळा कोणता आणि परिच्छेद कोणता, एवढे एचटीएमएल ही भाषा सांगते. त्यांचा रंग, आकार व मांडणी सीएसएस ठरविते. एक मूर्ती, तर दुसरा तिच्यावर चढविलेला साज. साज बदलला तरी मूर्ती तीच राहावी, याच विचाराने हॉकोन व्हियुम ली यांनी १९९४ साली ही कल्पना मांडली होती.

कॉयर यांच्या लेखनात पांडित्याचा आव नसे. अमुक अडचण आली, ती अशी सोडविली, आणि हा तिचा नमुना, ही त्यांची रीत. त्या काळी दोन पेट्या शेजारी शेजारी बसविणे हेच मोठे संकट होते. त्यासाठी 'फ्लोट' नावाची युक्ती वापरीत. ती मूळची चित्राच्या कडेने मजकूर वाहता ठेवण्यासाठी. तिच्यावर साऱ्या पानाचा भार टाकल्यामुळे खालच्या पेट्या वर सरकत आणि पान विसकटे. पुढे 'फ्लेक्सबॉक्स' ही नवी रीत आली. तिचे संपूर्ण मार्गदर्शन २०१३ साली या स्थळावर प्रसिद्ध झाले. डाव्या बाजूस बाहेरच्या पेटीचे नियम, उजव्या बाजूस तिच्या पोटातील पेट्यांचे, आणि बहुतेक नियमांखाली एकेक चित्र! इंग्रजी बेताचे असलेल्या माणसालाही ते पान पुरते. आम्हांस पुरले.

मात्र एक गोष्ट तेथे सापडत नसे. मथळ्यातील अक्षरांत अंतर वाढविले की रोमन लिपी डौलदार दिसते. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि देवाचे नाव दात पडल्यासारखे दिसू लागते. ओळींतील अंतर रोमनच्या मापाने ठेवले, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. हा दोष त्या लेखकांचा कसा म्हणावा? त्यांच्या लिपीला शिरोरेषाच नाही.

मार्च २०२२ मध्ये हे स्थळ 'डिजिटलओशन' या कंपनीच्या मालकीचे झाले. याबद्दल कॉयर यांना बोल लावणारे लावोत. आम्ही लावीत नाही. पंधरा वर्षे एका माणसाने ओझे वाहिले, आणि लेख वाचावयास कोणास दमडी पडली नाही. परंतु २०२३ साली तेथील नवे लेखन थंडावले, तेव्हा आम्ही खरोखर अस्वस्थ झालो. पोथी सर्वांनी वाचावी अशी असली, तरी ती ज्या कपाटात असते त्याची किल्ली कोणा एकाच्याच कमरेला असते, हे तोवर आमच्या ध्यानी आले नव्हते. सुदैवाने २०२४ मध्ये लेखन पुन्हा सुरू झाले. तरीही त्या मधल्या काळात फ्लेक्सबॉक्सचे ते पान आम्ही कागदावर छापून घेतले. ते पंचांगाशेजारी खिळ्याला आहे.

शिरोरेषेविषयीची आमची टिपणे हल्ली आम्ही मराठीत उतरवीत आहोत, आणि एक कोंकणीभाषक स्नेही तीच कोंकणीत मांडीत आहेत. कोंकणीत अनुस्वार फार, म्हणून ओळींमध्ये आणखी थोडी जागा सोडली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्हांस ते पटत नाही, आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही.