परीस

मुलांच्या हाती जादूच्या गोष्टींचे पुस्तक दिसले की पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. तेवढ्या वेळात चार गणिते सुटली असती, असे ते म्हणतात. आणि त्यांच्या बाजूने साक्ष द्यावयास मोठी माणसेही उभी आहेत. बालशिक्षणाला नवे वळण लावणाऱ्या माँटेसरीबाईंना लहान मुलांना परीकथा सांगणे पसंत नव्हते. ज्याला जगाची अजून पुरती ओळख नाही, त्याच्या भोळेपणावर आपण आपल्या कल्पना लादतो, ही त्यांची तक्रार. पण त्यांच्याच विचाराने भारून १९२० साली भावनगरास बालमंदिर काढणाऱ्या गिजुभाई बधेकांनी लोककथा वेचून मुलांच्या ओंजळीत घातल्या. म्हणजे हा मतभेद एकाच घरातला आहे.

अंबरनाथचे शिवमंदिर पाहिल्यापासून मी गिजुभाईंच्या बाजूचा झालो आहे. पांडवांनी ते एका रात्रीत बांधले, अशी लोकांची समजूत. तेथील शिलालेख मात्र शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, आणि शिलाहार राजा माम्वाणि यांची साक्ष देतो. माझ्या नातीला या दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत आणि तिचा कधी गोंधळ होत नाही. परीक्षेत ती माम्वाणिचे नाव लिहील. परंतु मंदिराच्या सावलीत उभी राहिली की भीम एवढे दगड एकटा उचलीत होता काय, असेच विचारील. मुलांना खऱ्याखोट्याची पारख नसते, हा समज मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक सोयीचा आहे.

गेल्या पावसाळ्यात, बदलापुरातील आमच्या घरी, या मुलीने 'हॅरी पॉटर आणि परीस' वाचून संपविले. मूळ इंग्रजी कादंबरी १९९७ सालची. पुस्तक मिटताच तिने विचारले, "आजोबा, परीस खरंच असतो का?"

मी तिला परिसा भागवताची कथा सांगितली. महिपतीने १७६२ साली पुऱ्या केलेल्या 'भक्तविजया'मुळे ती घरोघर पोहोचली आहे. परिसा भागवताला रुक्मिणीच्या कृपेने परीस लाभला होता. नामदेवाच्या घरचे दारिद्र्य पाहून त्याच्या पत्नीचे मन द्रवले व आपली मैत्रीण राजाई हिच्या हाती तिने तो गुपचूप दिला. नामदेवाला हे कळताच त्याने परीस चंद्रभागेत टाकून दिला. परिसा संतापून आला, तेव्हा नामदेवाने पाण्यात हात घालून ओंजळभर खडे वर काढले. पाहतात तो सगळेच परीस! यांतून तुझा ओळखून घे, असे म्हटल्यावर परिशाला आपली श्रीमंती केवढी लहान, ते उमगले.

नात क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "त्या गोष्टीतही परीस शेवटी नाहीसाच करतात." मी चकित झालो. परदेशातील त्या कादंबरीत परीस कोणाला मिळतो? ज्याला तो शोधावयाचा आहे, पण वापरावयाचा नाही, अशालाच. चांगली अद्भुतकथा जादूची दारे उघडते खरी. पण शेवटच्या दारापाशी जादू बाहेर ठेवून नायकाला एकट्याला आत पाठविते. तेथे त्याच्यापाशी उरतो तो त्याचा स्वभाव, आणि असलाच तर एखादा मित्र.

हे नुसते तत्त्वज्ञान नव्हते. आमच्या शेजारी उल्हासनगरहून एक सिंधी कुटुंब राहावयास आले होते. त्या घरची मुलगी मराठी बोले ती आपल्या वळणाने. अंगणातल्या मुली तिची नक्कल करीत, आणि माझी नातही त्यांच्यात उभी राहून हसे. ती मुलगी हळूहळू बोलेनाशी झाली. बोललीच तर इतरांसारखे बोलण्याच्या धडपडीत अर्धे शब्द गिळून टाकी.

त्या कादंबरीत नेव्हिल नावाचा एक बावळट मुलगा आहे. रात्री बाहेर पडणाऱ्या आपल्याच मित्रांना तो अडवितो. त्याचे काही चालत नाही. परंतु शत्रूशी झुंजण्याइतकेच मित्रांना विरोध करणेही धैर्याचे, असे ओळखून त्याचे गुरुजी त्याला अखेरीस दहा गुण देतात. नात हे पान मला दोनदा वाचून दाखवून गेली. पुढच्या आठवड्यात नक्कल सुरू होताच ती म्हणाली, "पुरे आता, मला नाही आवडत." त्यानंतर चार दिवस तिला कोणी खेळावयास बोलावले नाही. दहा गुण देणारे गुरुजी अंगणात नसतात. हे पुस्तकामुळे घडले, असे मी म्हणणार नाही. तिच्या मनात जे आधीच सलत होते, त्याला पुस्तकाने उभे राहावयास जागा दिली, इतकेच.

पाचव्या दिवशी ती शेजारीच गेली आणि एक नवीच कथा घेऊन आली. झुलेलालाला पाहावयास मिर्खशाहाचा वजीर येतो, तो पाळण्यातले बाळ क्षणात तरुण होते आणि क्षणात शुभ्र दाढीचा वृद्ध! फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या, १९४९ साली जिचे उल्हासनगर झाले त्या वसाहतीत नव्याने संसार मांडलेल्या माणसांनी घरेदारे मागे टाकली. ही कथा मात्र बरोबर आणली, कारण तिला ओझे नव्हते. त्या मुलीने ती आपल्याच उच्चारांत, न अडखळता सांगितली, असे नात मला मोठ्या अभिमानाने म्हणाली.

लोखंडाचे सोने होते ते त्याचे लोखंडपण टाकूनच. मैत्रीचा परीस निराळा: तो लागला की माणूस जसा असतो तसाच राहण्याचे धैर्य त्याला येते.