नागोबाच्या टप्प्यापर्यंत

सुगरण पक्ष्याचं विणकाम पाहायचं तर किहीमला पावसाळ्यात यावं. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँची तेव्हा बंद असतात, शनिवार-रविवारची गर्दी ओसरलेली असते आणि आमच्या वाडीमागे विहिरीवर कललेल्या शिंदीला खोपे लटकू लागतात. नर पात्यांचे दोरे काढून आणतो. आधी एक कडं विणतो, मग त्याच्याभोवती टोपीच्या आकाराचा अर्धा खोपा, आणि तिथे थांबतो. माद्या येतात, आत शिरून पारख करतात. एखादीला पसंत पडला तर तो खाली उतरणारी नळी विणून खोपा पुरा करतो. ती अंड्यांवर बसली की स्वतः दुसऱ्या खोप्याला लागतो. नापसंत झालेले अर्धे खोपे वाऱ्यावर झुलत राहतात.

हे सगळं बारकाईने टिपलं पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी, इथेच किहीममध्ये, १९३० च्या पावसाळ्यात. जर्मनीत शिकून आले तर मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातली त्यांची जागाच रद्द झालेली होती. हाती काम नाही, म्हणून पत्नी तेहमिना यांच्यासह ते इथल्या लहानशा घरात येऊन राहिले. समोर सुगरणींची वसाहत होती, ती पाहत बसले. पुढच्या वर्षी त्यांचा शोधनिबंध आला आणि या पक्ष्याच्या संसाराची रीत जगाला कळली. रिकामपणातून एवढं निघालं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. निवृत्तीनंतर आम्ही दोघं सासरच्या या वाडीत आलो. थोडी नारळाची, थोडी सुपारीची झाडं, मधे घर. यजमान गेल्यावर मुलांनी मला बोलावलं, पण मी इथेच राहिले. पहिलं वर्ष कठीण गेलं. घरातली कामं दुपारपर्यंत संपायची आणि मग संध्याकाळ येतच नसे. पोथी उघडायची, मिटायची. देवापुढे बसायचं आणि मनात हिशेब चालायचा, अजून किती वर्षं.

त्या पावसाळ्यात मी विहिरीपाशी खुर्ची टाकून बसू लागले. तासभर हालचाल न करता बसलं की पक्षी आपल्याला विसरतात. आपणही हळूहळू आपल्याला विसरतो. कित्येक वर्षांच्या पूजेत मला जे साधलं नव्हतं, ते तिथे अधूनमधून घडू लागलं. त्याला काय नाव द्यावं, मला ठाऊक नाही. पण उठताना मन हलकं असे, आणि कुणावर राग उरलेला नसे.

गुडघ्यांचंही सांगायला हवं. श्रावणी सोमवारी कनकेश्वरला जायचं, हा आमच्या घरचा नेम. मापगावाकडून सुमारे सातशे दगडी पायऱ्या आहेत, वर देऊळ आणि पुष्करणी. सून म्हणून आले तेव्हा मी भरभर चढत असे, म्हातारी माणसं टप्प्याटप्प्यावर टेकलेली दिसायची आणि मला त्यांची कीव यायची. आता मी पायऱ्यांच्या वाटेवरच्या नागोबाच्या टप्प्यापर्यंत जाते आणि बसते. तिथून जाणारी-येणारी माणसं दिसतात. कुणी पाणी मागतं, कुणी लहान मूल क्षणभर माझ्याकडे सोपवतं, वरून उतरणारी एखादी अनोळखी बाई माझ्या कपाळाला अंगारा लावून जाते. वर पोचल्यावर मी कधी इतकी माणसं पाहिली नव्हती. तेव्हा माझं लक्ष देवळाच्या दाराकडे असे.

याच काळात विनोबा भाव्यांचं उत्तरायुष्य मी नव्याने समजून घेतलं. ते आमच्याच रायगड जिल्ह्यातले. पेण तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ ला जन्मले. सालिम अलींपेक्षा वर्षभरानेच मोठे. भूदानासाठी वर्षानुवर्षं देशभर पायी फिरलेला हा माणूस १९६६ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, 'सूक्ष्म प्रवेश' जाहीर करतो आणि बाहेरच्या कामातून अंग काढून घेत जातो. १९७० पासून क्षेत्रसंन्यास, म्हणजे पवनार सोडायचं नाही. आश्रमाच्या आवारातला काडीकचरा ते वेचत, आणि वेचता वेचता नामस्मरण करत. सालिम अलींचं वार्धक्य याच्या अगदी उलट. अमेरिकी पक्षितज्ज्ञ रिप्लींबरोबरचा दहा खंडांचा पक्षिग्रंथ त्यांनी पंच्याहत्तरीनंतर पुरा केला, आत्मचरित्र आलं ते १९८५ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर. एक कर्म सोडत गेला, दुसरा करत राहिला. यातला कोणता मार्ग वरचा, असा प्रश्न मला पूर्वी पडला असता. आता वाटतं, समोरच्या लहान गोष्टीला पुरतं लक्ष देणं दोघांकडेही होतं. आणि म्हातारपणी माझ्यासारख्या साध्या बाईलाही ते जमू शकतं.

विनोबांची ती रीत मी माझ्यापुरती उचलली. वाडीत पडलेल्या सुपाऱ्या वेचताना दर सुपारीला एका विद्यार्थ्याचं नाव घेते. हुशार मुलांची नावं आधीच संपली. मग मागच्या बाकावरची आठवू लागली. ज्यांच्याकडे वर्षभर नीट पाहिलंही गेलं नाही, अशी मुलं. कुणाच्या हातावरचा भाजल्याचा डाग आठवतो आणि नावच आठवत नाही. त्या दिवशी सुपारी तशीच हातात धरून मी नाव येईपर्यंत थांबते. ते मूल आज पन्नाशीचं असेल, कुठेतरी सुखात असो, एवढंच मागते.

शेजारच्या काकी ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. त्यांचं माहेर कार्ल्याचं. फाल्गुन-चैत्रात तिकडून पांढरा कांदा येतो आणि त्या पडवीत बसून त्याच्या वेण्या घालतात. बोटं वाकडी झाली आहेत, तरी वेणीची गाठ घट्ट. "हात चालतान तवर करायचा," म्हणतात, "मंग पोरी हायत." मरणाबद्दल त्या उद्याच्या बाजारासारखं बोलतात. त्यांच्याजवळ बसून मलाही ते बोलता येऊ लागलं.

विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये शेवटच्या दुखण्यात अन्न, पाणी, औषध थांबवलं आणि १५ तारखेला देह ठेवला. तेवढं बळ माझ्यात नाही. पण बरं होण्याची आशा संपल्यावर यंत्रांवर ठेवू नका, हे आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरते. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं त्यात घालावी लागतात. मी मुलाला फोन केला. तो बराच वेळ बोललाच नाही. मग विचारलं, "आई, तुला भीती वाटते का गं?"

वाटते, म्हटलं. घुसमटीची वाटते, तुम्हाला ओळखेनाशी होईन याची वाटते. मरणाची पूर्वीइतकी नाही.

"माझं एकट्याचं नाव नको घालूस," तो म्हणाला, "ताईचंही घाल." दोघंही पुढच्या रविवारी आली, सोमवारी आम्ही अलिबागला गेलो आणि दोघांची नावं घातली.