भीड काठावर ठेवून उतर

चि. केतकी,

तू विचारलं आहेस ते एवढंच, की अंदमानच्या नील बेटावर पोचेपर्यंत पडसं गेलं नाही तर स्कूबाच्या बुडीच्या आधी कुठली गोळी घ्यावी. उत्तर एका ओळीचं आहे. कुठलीही नाही; नाक चोंदलेलं असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. पत्र इथेच संपलं असतं. पण त्यापुढे तू सहज लिहून गेली आहेस, की निखिल वर्षभर या सहलीची वाट बघतोय, नवऱ्याचं मन मोडवत नाही, म्हणून त्याला काही सांगितलेलं नाही. ते वाचून माझी झोप उडाली. पडसं काय गं, काही दिवसांत जातंच. भिडेला औषध नाही, आणि आपल्या घराण्यात ती पिढीजात आहे हे तुला मी वेगळं सांगायला नको.

आधी कानाचं सांगते, कारण तुझी समजूत अशी दिसते की पहिल्या दिवशी 'थोडंसंच खाली' जायचं असल्यामुळे काही बिघडत नाही. उलट आहे. जमिनीवर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. समुद्रात दर दहा मीटरला आणखी एकाची भर पडते. म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्येच दाब दुप्पट होतो आणि कानातली हवा निम्म्या जागेत मावते. पुढच्या दहा मीटरमध्ये ती निम्म्यावरून तिसऱ्या हिश्श्यावर येते, म्हणजे फरक कमीच. कानाची खरी परीक्षा वरच्या उथळ पाण्यात होते. मधल्या कानाला घशाशी जोडणारी एक बारीक नळी आहे. नाक दाबून हलकेच फुंकलं की तिच्यातून हवा आत जाते आणि दाब सारखा होतो. पडशात ही नळी सुजलेली असते. तरीही रेटून खाली गेलं तर आधी दडा बसतो, मग कळ येते, आणि त्याहीपुढे गेलं तर पडदा फाटू शकतो. फाटलेल्या पडद्यातून गार पाणी आत गेलं की भोवळ येते आणि वर कुठे, खाली कुठे तेच कळेनासं होतं. आता तुझी गोळी. ती सूज उतरवते हे खरं, म्हणून खाली जाताना सगळं सुरळीत वाटतं. तिचा असर पाण्याखालीच ओसरला तर नळी पुन्हा बंद होते आणि कानात किंवा कपाळाच्या पोकळ्यांत हवा अडकते. वर येताना ती फुगू लागते. खाली जाताना दुखलं तर वर येता येतं. वर येताना दुखलं तर काय करशील? टाकीतली हवा संपत आलेली असताना खाली थांबता येत नाही. गोळी घेऊन बुडी मारू नये ती एवढ्यासाठी.

तू म्हणशील, इन्स्ट्रक्टर सोबत आहे, नको असेल तर तोच थांबवेल. तो तुझी टाकी बघेल, वजनाचा पट्टा बघेल, तू कुठे चाललीस ते बघेल. तुझ्या कानातली कळ त्याला दिसणार नाही. बुडीच्या शास्त्राचा पायाच मुळी कळ बाहेरून दिसण्यावर घातला गेला, तीही माणसांची नव्हे, शेळ्यांची. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी शेळ्यांना दाबाच्या कोठीत ठेवून प्रयोग केले आणि 1908 साली पाणबुड्यांनी किती टप्प्यांनी वर यावं याची कोष्टकं छापली. (त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले, हे तुमच्या पिढीला कुणी शिकवत नाही.) दाबाखाली रक्तात आणि ऊतींत नायट्रोजन मुरतो. माणूस घाईनं वर आला की त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे धरतात. शेळीचा सांधा दुखायला लागला की ती पुढचा पाय उचलून धरी, आणि तेवढ्यावरून हॉल्डेन ओळखत. शेळीला भीड नसते. कोठीत ठेवणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून ती चारही पाय टेकून उभी राहत नाही. माणसाच्या बाबतीत ही सोय नाही. तो दुखरा पाय टेकतो, हसतो आणि बोटांनी 'ठीक' अशी खूण करतो. कोष्टकं कितीही अचूक असोत, ती पाळणारा खोटं बोलला की फुकट.

म्हणूनच या खेळातल्या जाणत्या लोकांनी एक रीत घालून घेतली आहे, आणि मला ती सगळ्या यंत्रसामग्रीपेक्षा मोलाची वाटते. कुणीही, केव्हाही, कुठल्याही कारणासाठी बुडी थांबवू शकतो आणि त्याला जाब विचारायचा नाही. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'छान' नसतो, 'वर चला' असा असतो. तो दिसला की दुसऱ्यानं वर निघायचं, घासाघीस नाही. कारण विचारायचं नाही हा यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग. कारण द्यावं लागलं की माणूस ते पुरेसं आहे का याचा हिशेब करत बसतो, आणि बायका तर तो हिशेब स्वतःच्या विरुद्धच लावतात. हवेचंही तसंच. टाकीत सुरुवातीला साधारण 200 बार दाबाची हवा असते आणि 50 च्या आसपास उरली असताना वर पोचलेलं असावं लागतं. दोघांपैकी ज्याचा काटा आधी घसरतो त्याच्याबरोबर दोघांनी वळायचं. मोठ्या अंगाच्या माणसाला सहसा हवा जास्त लागते. तेव्हा मासे बघायचे राहिले म्हणून हळहळण्याची पाळी तुझ्यावर येईल आणि काटा लपवायचा मोह निखिलला होईल. भीड दोन्हीकडून असते.

आणि इथेच मला नवरा-बायकोच्या जोडीची काळजी वाटते. तुम्ही एकमेकांचे 'बडी' होणार याचं तुला फार अप्रूप दिसतं. अनोळखी जोडीदार निघण्यापूर्वी तुझा प्रत्येक पट्टा ओढून बघतो, कारण त्याला तुझी खात्री नसते. नवऱ्याला वाटतं, ही सांगेल. बायकोला वाटतं, हा ओळखेल. सहवासानं माणसं एकमेकांना ओळखतात हे खरंच. पण ती ओळख चेहरा, आवाज आणि सुस्कारा यांच्यावर चालते. मुखवट्याआड चेहरा झाकलेला, तोंडात रेग्युलेटर, आवाज बंद, म्हणजे तुमच्या संसाराची सगळी भाषा काठावरच राहिली. उरतात फक्त हाताच्या खुणा, आणि त्या खऱ्या असल्या तरच उपयोगाच्या.

आता तुझ्या पत्रातली दुसरी ओळ, जी तू कंसात टाकलीस: निखिलचा लहानपणचा दमा 'आता नाहीच', म्हणून वैद्यकीय फॉर्मवर त्यानं तिथे 'नाही' अशी खूण केली. केतकी, तुझ्या पडशापेक्षा हे गंभीर आहे, आणि तू ते कंसात टाकतेस! दम्यात बारीक श्वासनलिका आकसतात, त्यांच्यात चिकटा बसतो आणि त्यामागे हवा कोंडते. दहा मीटरवरून पृष्ठभागापर्यंत येताना कोंडलेली हवा दुप्पट होते. फुप्फुसाला तेवढं ताणणं झेपत नाही. हवा रक्तात शिरून थेट मेंदूपर्यंत जाऊ शकते. भरल्या छातीनं श्वास रोखला तर अगदी दीड मीटर खोलीवरूनही हे घडू शकतं, म्हणून पहिल्या धड्यात शिकवतात की श्वास कधीही रोखायचा नाही. दमा होऊन गेलेल्या प्रत्येकानं बुडी मारूच नये असं आता डॉक्टर म्हणत नाहीत. तपासणी करून, श्वासाची चाचणी घेऊन ठरवतात. कित्येकांना परवानगीही देतात. म्हणजे 'हो' अशी खूण केली असती तर फार तर एक तपासणी वाढली असती. ती टाळण्यासाठी त्यानं फॉर्मवर खोटं लिहिलं, आणि ते तुला माहीत असून तू गप्प बसलीस. तू पडसं लपवतेस, तो दमा. दोघंही एकमेकांसाठी.

प्रेमात एवढं सोसायचंच असतं, असं तू म्हणशील. तुझ्या आईचं तर हेच तत्त्वज्ञान. मग ब्रुकलिनच्या पुलाकडे बघ. त्याच्या मनोऱ्यांचे पाये नदीच्या तळाशी दाबाच्या हवेनं भरलेल्या प्रचंड लाकडी पेट्यांत खणले. खणणारे मजूर वर आले की सांधे धरून बसत. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः पुन्हा पुन्हा खाली जात राहिला आणि 1872 मध्ये त्याच दुखण्यानं कोसळला. तिथून पूल 1883 मध्ये खुला होईपर्यंत तो बहुतेक अंथरुणाला खिळून होता. त्याची बायको एमिली गणितं आणि बांधकाम शिकली, त्याच्या सूचना कामावर पोचवू लागली आणि तिनं पूल तडीस नेला. ही गोष्ट लोक पतिनिष्ठेची म्हणून सांगतात. एमिलीबद्दल मलाही आदर आहे. पण त्या काळी वर किती सावकाश यावं हेच कुणाला नीट ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना टाळता आलं नाही ते दुःख तुम्ही सुट्टीच्या हौसेपायी ओढवून घेतलंत तर त्याला मी निष्ठा म्हणणार नाही.

बेट शांत आहे म्हणून तुम्ही नील निवडलंत, चांगलं केलंत. (शहीद द्वीप म्हणायला हवं, 2018 पासून ते नाव आहे, आणि 1857 मधल्या नील या क्रूर ब्रिटिश अधिकाऱ्याचं नाव गेलं याचं मला समाधानच आहे.) पण शांत म्हणजे माणसं कमी, आणि माणसं कमी म्हणजे मदतही कमी. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्यापलीकडचं काही लागलं तर पोर्ट ब्लेअर, आताचं श्री विजयपुरम, म्हणजे बोटीनं दीड-दोन तास. मोजदादीवरही लक्ष ठेवायला हवं. 1998 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर बोटीवरची मोजदाद चुकली आणि एक अमेरिकन जोडपं समुद्रात मागे राहिलं. त्यांचं सामान बोटीवर तसंच पडलंय हे कुणाच्या लक्षात यायला दोन दिवस गेले. ते पुन्हा सापडले नाहीत. एकटा माणूस राहिला असता तर त्याच्या जोडीदारानं आरडाओरडा केला असता; जोडपं एकत्र नाहीसं झालं की विचारणारं कुणी उरत नाही. दोघांची नावं बोटवाल्याच्या वहीत आहेत ना, आणि परतल्यावर तो ती मोठ्यानं वाचतो ना, हे बघून घे. त्याला ते चोंबडेपणाचं वाटलं तर वाटू दे.

परतीचा बेत तर मला मुळीच पसंत नाही. शेवटच्या बुडीतून दुपारी दोनला वर यायचं, संध्याकाळच्या बोटीनं निघायचं आणि सकाळी पावणेसातचं विमान. म्हणजे सतरा तासही नाहीत. बरेच दिवस एकामागून एक बुड्या मारल्या असतील तर विमानात बसण्याआधी निदान अठरा तास जमिनीवर काढावेत, अशी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस आहे. विमानाच्या आत हवेचा दाब दोन-सव्वादोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका उतरतो, आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनला तेवढं निमित्त पुरतं. निखिल म्हणेल, तासाभरानं काय होतं? अठरा हा आकडा काही भिंत नाही, सतराव्या तासाला हमखास काही होतं असं नाही, हे मान्य. पण तासभर कमी करण्यामागे शरीराचं काही कारण आहे का? फक्त तिकिटाचं आहे. ज्या कारणानं फॉर्मवरची खूण बदलली, गोळी शोधली, त्याच जातीचं हे कारण.

उद्या प्रत्येकजण असा नकार द्यायला लागला तर पाण्यात उतरेल कोण, हा तुझा शेवटचा मुद्दा असणार. उलट, नाही म्हणायची मुभा असते म्हणूनच भित्री माणसं उतरतात. पहिल्या वेळी तोंडानं श्वास घेताना धडधडणारच. ती भीती दोन मिनिटांत ओसरली तर पुढे जा. कळ आली तर थांब. दोन्हींत फरक करायला शास्त्र लागत नाही, फक्त कुणाच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचं नाही. आणि बुडी चुकली म्हणून सुट्टी वाया जात नाही. नीलवरच्याच भरतपूरच्या किनाऱ्यावर ओहोटीला गुडघाभर पाण्यात प्रवाळ दिसतात. त्यांना हात लावू नकोस, आपल्याकडे त्यांना वाघाइतकं कायद्याचं संरक्षण आहे. लक्ष्मणपूरला खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिला तिथले बंगाली लोक हावडा ब्रिज म्हणतात. निखिल एकटा बुडी मारून आला आणि तू त्या कमानीखाली बसून राहिलीस तर त्याच्या प्रेमात काडीचा फरक पडणार नाही. पडला, तर तो पुण्यातच कळलेला बरा.

तेव्हा आज रात्री त्याला दोन गोष्टी सांग, तुझं पडसं आणि तुला सलणारा त्याचा दमा. छातीच्या डॉक्टरांकडे त्याची वेळ घे. जाण्याआधी आठवडा आहे, तेवढ्यात चाचणी होते. शेवटची बुडी एक दिवस आधी घ्या, नाहीतर विमान दुपारचं करा. तिकीट बदलायला जे पैसे पडतील ते मी भरीन, आणि यावर तुझ्या आईसारखा वाद घालू नकोस.

तुझी,
मावशी

ता. क. नाकात घालायचे थेंब सोबत असू देत. परतीच्या विमानात कानाला दडा बसत असेल तर उतरण्यापूर्वी अर्धा तास घाल. बुडीला नाही.