जोडणी आणि फोडणी

लहानपणी मी घरातला रेडिओ उघडला होता. तो मला पुन्हा मिटता आला नाही. तेव्हापासून वायर, पिन, सॉकेट या मंडळींना मी लांबूनच नमस्कार करतो. पण २००९ साली नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पुन्हा त्यांच्या तोंडी दिलं.

नानांना मे महिन्यात श्रीवर्धनला न्यायचं होतं. वय ब्याऐंशी. गाडी माझीच, मारुती ८००. तीही तिच्या मानाने ब्याऐंशीचीच. आधीच्या कुणा हौशी मालकाने तिच्यात रेडिओ आणि कॅसेटचा टेप बसवून घेतलेला होता. नानांची अट एकच, "वाटेत तुझ्या आईची कॅसेट लाव."

ही कॅसेट म्हणजे आईने १९८६ साली मस्कतला ताईला पाठवलेलं पत्र. त्या काळी परदेशी फोन म्हणजे कॉल लावून दिवसभर घरात बसायचं आणि तो लागला की "ऐकू येतंय का?" एवढंच एकमेकांना विचारून ठेवायचं. त्यापेक्षा साठ मिनिटांची कॅसेट भरून कुणा जाणाऱ्याच्या बॅगेत कोंबणं स्वस्त पडे. मस्कत लांब आहे, तेव्हा टेपपाशीसुद्धा मोठ्यानेच बोललं पाहिजे, असं आईचं ठाम मत होतं. ताई परत आली तेव्हा ती कॅसेट घेऊन आली. आई २००१ साली गेली. तिचा आवाज म्हणून आमच्याकडे एवढाच उरला होता, आणि त्यातही ती बराच वेळ कैरीचं लोणचं शिकवत होती.

निघण्याच्या आठवडाभर आधी, तालीम म्हणून, मी ती कॅसेट गाडीच्या टेपमध्ये घातली. दोन वाक्यं नीट झाली. तिसऱ्याला आईचा आवाज एकदम पुरुषी झाला आणि मग थांबला. टेपने फीत गिळली होती! पुढचा अर्धा तास आठवला की अजून हात थरथरतात. भाच्याने चिमटा आणि पेन्सिल घेऊन ती वीतभर वीतभर बाहेर काढली, घरच्या चांगल्या टेपवर एकदाच वाजवून कॉम्प्युटरवर उतरवली आणि काडेपेटीएवढ्या एका एमपीथ्री प्लेअरमध्ये भरून मला दिली. "मामा, आता मूळ कॅसेट कुठल्याही यंत्राच्या तोंडी द्यायची नाही," असा दमही भरला.

"मग हे कानात घालून ऐका ना, नाना," मी म्हणालो. नानांच्या कानात ऐकण्याचं यंत्र. त्यावर हे दुसरं बोळकं बसवताच दोघांनी मिळून अशी शिट्टी मारली, की खालचा वॉचमन वर बघायला आला.

म्हणजे आवाज गाडीच्याच स्पीकरमधून यायला हवा. प्लेअरला साडेतीन मिलिमीटरचं भोक होतं. गाडीला भोक नव्हतं, नुसतं तोंड होतं, आणि त्या तोंडाची कीर्ती मी सांगितलीच आहे.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत असल्या सगळ्या दुखण्यांवर औषध मिळतं. तिथल्या एका दुकानदाराने एक नकली कॅसेट काढली. तिच्या पोटात फीत नाही, मागे शेपटीसारखी वायर. वायर प्लेअरला जोडायची आणि कॅसेट टेपात सारायची. टेपचं हेड जिथे फीत वाचतं, बरोबर तिथेच हिचंही एक छोटं हेड असतं. प्लेअरमधला आवाज त्यात चुंबकीय लहरी होऊन उमटतो आणि टेप बिचारा समजतो की समोरून फीतच चालली आहे. फसवणूक, पण किती सात्त्विक!

फक्त माझा टेप फसणाऱ्यातला नव्हता. एक बाजू संपली की आपली आपण दुसरी बाजू लावायची, हा त्याचा गुण. या कॅसेटच्या चकत्या त्याला हव्या तशा फिरेनात, म्हणून दर चार सेकंदांनी त्याला वाटे, बाजू संपली. "बाळे, आम्ही सगळे—" कटाक्! "—खुशाल आहोत, तू मात्र—" कटाक्! आमची सौ. मागच्या सीटवरून म्हणाली, "सासूबाईंना मध्येच तोडायची हिंमत तुमच्या घरात पहिल्यांदाच कुणी केली."

मी पुन्हा तपकीर गल्लीत. आता दुकानदाराने अंगठ्याएवढा एक एफएम ट्रान्समीटर दिला. "हे म्हणजे तुमचं स्वतःचं रेडिओ स्टेशनच, साहेब!" सिगारेट पेटवायच्या भोकात तो खोचायचा, प्लेअर त्याला जोडायचा, त्यावर एक आकडा लावायचा आणि गाडीच्या रेडिओवर तोच आकडा धरायचा. मी सिगारेट ओढत नाही. माझ्या कारकिर्दीत त्या भोकाला प्रथमच काम मिळालं.

निघालो. पण अख्ख्या कोथरूडमध्ये आईला बोलायला जागा मिळेना. शहरातली स्टेशनं किलोवॅटांनी ओरडणार आणि माझं स्टेशन पुढच्या सीटवरून मागच्या सीटपर्यंत. कुठलाही आकडा लावा, शेजारच्या स्टेशनाचा पाय त्यावर पडलेलाच. "कैऱ्या धुऊन, पुसून—" म्हणेपर्यंत कुणीतरी मुलगी कसल्याशा सेलची जाहिरात करून जाई. नाना काही बोलले नाहीत. दाराच्या स्पीकरकडे कान लावून बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी रस्त्याकडे बघून गाडी चालवली. एरवीही तसंच करायला हवं म्हणा.

पौड मागे पडलं, मुळशीचं पाणी दिसायला लागलं. मध्ये डोंगर आले आणि एकेक स्टेशन गळत गेलं. अठ्ठ्याऐंशी पॉइंट एकवर मी शेवटचा हात मारला आणि आई गाडीत येऊन बसली.

"मोहरीची डाळ ताजी घे. फोडणी गार झाल्याशिवाय ओतू नकोस, तुझ्या वडिलांसारखी घाई करू नकोस!"

"मी कधी घाई केली?" नाना स्पीकरला म्हणाले.

ताम्हिणीच्या घाटात एका टपरीवर चहाला थांबलो. टेप चालूच होता. शेजारी एक टाटा सुमो उभी. तिचा ड्रायव्हर घाटात रेडिओला स्टेशन शोधायला लावून टपरीकडे गेला असावा, कारण थोड्या वेळाने सुमोतूनही आईच ओरडायला लागली! सुमोतल्या दोन बायका अगदी कान टवकारून बसल्या होत्या. त्यातली एक तर कसल्याशा पावतीच्या पाठीवर लिहून घेत होती.

"आता मीठ," आई दोन्ही गाड्यांतून म्हणाली. "मीठ आधी भाजून घ्यायचं, आणि चार वाट्या फोडींना—"

"अगं, मिठाचं काय घेऊन बसलीस, बाजू संपत आली!" हा १९८६ सालच्या नानांचा आवाज.

"अगं बाई, मीठ राहिलं की!" सुमोतली बाई कळवळली.

नानांनी हळूहळू काच खाली फिरवली.

"थांबा," ते तिला म्हणाले, "आधी ती मला ओरडेल. मग सांगेल."