दवण्याच्या भावकीतले झुडूप

सेज ग्राऊस हा अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या माळांवरचा पक्षी. त्याचे सारे आयुष्य सेजब्रश नावाच्या राखाडी, उग्र वासाच्या झुडपाशी बांधलेले आहे. चैत्रात जोतिबाला वाहिला जातो तो दवणा आणि हे सेजब्रश एकाच आर्टेमिसिया प्रजातीतले. हिवाळ्यात माळ बर्फाने झाकला की या झुडपाची पाने हेच या पक्ष्याचे अन्न. कठीण दाणे भरडण्याची ताकद त्याच्या पोटात नाही. पण ही कडवट पाने खाऊन तो ऐन थंडीतही अंग धरतो.

वसंतात, उजाडण्याआधीच नर ठरलेल्या मोकळ्या जागी जमतात. शेपटीची टोकदार पिसे पंख्यासारखी उभी राहतात, छाती फुगते आणि त्या शुभ्र पिसांतून दोन पिवळसर पिशव्या क्षणभर बाहेर येतात. बूच निघावे तसा आवाज माळभर जातो. माद्या निवांत फिरत पाहतात आणि बहुतेक जणी मोजक्याच नरांना पसंत करतात. पुढचा सगळा भार एकट्या मादीवर. झुडपाखाली उथळ खळगा, त्यात सहा ते नऊ अंडी, आणि जवळजवळ चार आठवडे बहुतेक वेळ त्यांवर बसून राहणे. वरची फांदी हाच तिचा आडोसा.

तो आडोसाच नाहीसा होतो आहे. युरेशियातून आलेले चीटग्रास हे गवत उन्हाळ्याच्या तोंडाशीच वाळते आणि वणव्याला वाट देते. जळालेले सेजब्रश बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. गवत मात्र दुसऱ्याच वर्षी दाट उगवते, पुन्हा पेटते. शिवाय नांगरट, तेल-वायूच्या विहिरी, आणि अंडी पळवणाऱ्या डोमकावळ्यांना बसायला विजेचे खांब. १९६५ पासून या पक्ष्यांची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटली. तरीही २०१५ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांना संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याचे संरक्षण नाकारले. रिकामा समजला गेलेला माळ किती भरलेला असतो, हे सोलापूरकडच्या माळढोकाने आपल्यालाही दाखवले आहे.

काही उपाय साधे आहेत. अंधुक उजेडात उडणारे पक्षी कुंपणाच्या तारांवर आदळून मरतात. म्हणून तारेवर बोटभर लांबीचे पांढरे प्लॅस्टिकचे तुकडे अडकवतात आणि धडका खूप कमी होतात. आयडाहो राज्यात जळालेल्या माळांवर स्वयंसेवक सेजब्रशची रोपे एकेक करून हाताने लावतात. जळालेला माळ पुन्हा सेजब्रशने भरायला कित्येक दशके लागतात.